चौकटीबाहेरची हिरवी तार

प्रिय रशीदचाचा,

तुम्ही गेलात हे मला मागच्या बुधवारी कळलं. तोवर तुमचं चाळिसावंसुद्धा होऊन गेलं होतं. लोणावळ्यात माझं घर, कुसगावात तुमचं, मध्ये असून असून अंतर किती? आणि मला पत्ता नाही! कळवणार तरी कोण होतं म्हणा. तुमच्या माणसांनी मला कळवावं असं मी काय केलं होतं?

बुधवारपासून मी तुमच्याशी मनातल्या मनात बोलतेय. प्रत्येक वेळी सुरुवात चुकते. म्हणून आज सकाळचा चहा झाल्यावर कागद घेऊन बसले. कागदावर लिहिलं की शब्द मागे घेता येत नाहीत.

कसं कळलं ते आधी सांगते. इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मला व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय माझ्या आवडीचाच, चित्रांनी करायचं प्रोग्रॅमिंग. मुलांना सांगत होते की यात ओळी लिहायच्या नसतात, पडद्यावर डबे मांडायचे आणि तारांनी जोडायचे. असेच डबे आणि तारा जोडून मोठमोठ्या दुर्बिणींचे आरसे हलवतात, पुलांची थरथर मोजतात, नव्या गाड्यांच्या धडकेच्या चाचण्या घेतात, प्रयोगशाळेत हृदयाचे ठोके टिपतात. मुलं ऐकत होती. मग मी माझं नेहमीचं वाक्य टाकलं, "पाटातनं पाणी जातं तसा तारेतनं आकडा जातो, कुठे अडलाय ते डोळ्यांनी दिसतं." टाळ्या पडल्या.

चाचा, ते वाक्य तुमचं आहे. चार वर्षं मी ते माझं म्हणून सांगतेय.

कार्यक्रम संपल्यावर तिथल्या प्रयोगशाळेत काम करणारी एक मुलगी जवळ आली. म्हणाली, "मॅडम, मी नसीम. रशीद वायरमनची मुलगी. हे वाक्य अब्बा घरी बोलायचे."

मी कसंबसं विचारलं, "कसे आहेत चाचा?"

"गेले. झोपेतच. दीड महिना होईल आता."

मी काहीतरी बोलले असेन, आठवत नाही. पण पुढे ती जे बोलली ते मात्र शब्दन् शब्द लक्षात आहे. "तुमच्या मशिनचं शेवटपर्यंत मनात होतं त्यांच्या. म्हणायचे, माझ्याच हातून तार ढिली राहिली असंल. नंतर घरातला साधा पंखा जोडला तरी तीन-तीनदा उघडून बघायचे. अम्मी वैतागायची."

माझ्या हातात कॉलेजने दिलेला पुष्पगुच्छ होता. तो कुठे ठेवला, मला माहीत नाही.

तुम्ही ते खरं मानलंत, चाचा? खरंच?

तळेगावच्या आपल्या शेडमधले ते दिवस आठवतात. मी नवी, पंचविशीतली, बोलण्यात जरा जास्तच इंग्रजी. तुम्ही पन्नाशी ओलांडलेले, कानावर पेन्सिल. कंपनीच्या गाडीत मी लोणावळ्याला चढायची, तुम्ही कुसगावला, आणि तळेगाव येईपर्यंत तुम्ही मला प्रश्न विचारायचात. ब्रेकच्या रबरी नळ्या तपासायचं यंत्र बनवत होतो आपण. बंद कपाटात नळी अडकवायची, पंपाने तिच्यात गरम तेल दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं, हजारो वेळा. कपाटाला दरवाजा, दरवाजाला स्विच. दरवाजा उघडला की पंप जागच्या जागी थांबलाच पाहिजे, कारण आत नळी फुटली तर समोरच्या माणसाचं तोंड भाजेल. स्विचची तार तुम्ही ओढलीत. पंपाला थांबायला सांगणारा प्रोग्रॅम मी केला.

एका दुपारी डबा खाऊन तुम्ही माझ्या मागे येऊन उभे राहिलात. "ह्ये तर आमचंच काम हाय की मॅडम! नुस्तं पडद्यावर करताय."

मी हसून समजावलं. नारंगी तार दशांशाच्या आकड्याची, निळी पूर्ण आकड्याची, हिरवी फक्त हो किंवा नाही एवढंच सांगणारी. आणि ही राखाडी चौकट, हिच्या आत जे असेल ते पुन्हा पुन्हा होत राहतं. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तासाभरात अख्खं चित्र तुम्ही बोट फिरवून मला परत वाचून दाखवलंत. कॉलेजातून आलेल्या पोरांना मी ते आठवडाभर शिकवते!

आणि मग तुमचं बोट एका जागी थांबलं.

"ह्यो दरवाज्याचा डबा चौकटीच्या भाईर कशापायी ठेवलाय?"

"त्याची तार जातेय ना आत."

"तार जाती, पर डबा भाईर हाय. मंजी सुरू व्हताना एकदाच इचारणार, दरवाजा बंद हाय का म्हणून. मंग आत चक्कर चालू झाल्यावर त्याला पुन्यांदा कोण इचारणार?"

चाचा, तुम्ही बरोबर होतात. शंभर टक्के बरोबर होतात. शिकणाऱ्यांच्या हातून सगळ्यात जास्त होणारी चूक ती, आणि तुम्ही ती पहिल्याच तासाला पकडलीत. मी काय म्हणाले आठवतं? "चाचा, सॉफ्टवेअरचं माझ्यावर सोडा. तुम्ही तुमच्या तारा बघा." वर हसलेसुद्धा. शेजारी दोन फिटर उभे होते, तेही हसले.

तुम्ही तरीही दोन दिवसांनी म्हणालात, "एकदा मशिन चालू आसताना मधीच दरवाजा उघडून बघू का?" मी म्हटलं, वेळ नाही. सुरू करण्याआधी दरवाजा उघडा ठेवून तपासलंय, पंप चालू होत नाही, बास. खरं कारण सांगू? तुमच्या सांगण्यावरून मी काही तपासतेय असं कोणाला दिसायला नको होतं.

मग गिऱ्हाइकाची माणसं यंत्र बघायला आली तो दिवस. त्यांच्यातल्या एकाने, अगदी सहज, चालू यंत्राचा दरवाजा उघडला. पंप थांबला नाही. नळी फुटली आणि तेलाचा फवारा त्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर गेला. वीतभर इकडे असता तर? सगळे जागच्या जागी थिजलेले, मीही. तुम्ही एकटे धावलात आणि लाल बटण दाबलंत. शर्ट जळाला त्या माणसाचा, कातडी वाचली.

आपल्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "दरवाजाचा सिग्नल का नाही आला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "स्विचची तार ढिली असणार. वायरिंग तपासावं लागेल."

एवढंच बोलले मी, दोन वाक्यं! त्या क्षणी मला खरंच माहीत नव्हतं असं मी चार वर्षं स्वतःला सांगत आलेय. पण माहीत नसताना पहिलं बोट तुमच्याकडेच का गेलं? तुमचा प्रश्न ओठांवर आला होता माझ्या. मी तो गिळला.

तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. रागाने नाही. जणू मी म्हणतेय तर तसंच असेल, असं. मग पेचकस काढून पॅनेल उघडलंत, एकेक स्क्रू तपासलात आणि हळूच म्हणालात, "समदं घट्ट हाय."

"आता आवळलंत म्हणून घट्ट आहे," साहेब म्हणाले.

तेव्हा का बोलला नाहीत हो? "मी या मॅडमना आधीच विचारलं होतं" एवढं म्हणायला काय हरकत होती? ते दोन फिटर साक्षीला होते. कधी कधी मला तुमचाच राग येतो. बघा, अजूनही मी तुमच्यावरच ढकलतेय!

त्या रविवारी जेवणाआधी मी घरी प्रोग्रॅम उघडला. दरवाजाचा हिरवा डबा चौकटीच्या बाहेर, तुम्ही बोट ठेवलं होतं तिथेच. मी तो ओढून आत घेतला. दोन सेकंदांचं काम. आईने हाक मारली, मी उठून जेवायला गेले. आमरस होता. मी दोन वाट्या खाल्ल्या, चाचा.

सोमवारी साहेबांना सांगितलं, किरकोळ सुधारणा केलीय. यंत्र नीट चाललं. सगळे धरून चालले की वायरिंग दुरुस्त झालं. आठवडाभरात तुम्हाला पुढच्या कामावर येऊ नका म्हणून सांगितलं. शेवटच्या दिवशी कुसगावला उतरताना तुम्ही खिडकीशी थांबलात. "येतो मॅडम. काय चुकलंमाकलं आसंल तर पोटात घाला."

आणि मी म्हणाले, "काळजी घ्या."

नंतर एकदाच दिसलात. खंडाळ्याच्या एका बंगल्याच्या फाटकापाशी, खांद्याला हत्यारांची पिशवी. मी मैत्रिणींबरोबर गाडीत होते. तुम्ही ओळखून हात वर केलात. मी मोबाईलमध्ये डोकं घातलं. ईदला तुमचा फोन आला होता, तोही उचलला नाही.

शनिवारी मी तुमच्या घरी गेले. चाची दारातच बसल्या होत्या, नसीम आत. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. डबा, चौकट, तुमचा प्रश्न, माझं हसणं. नसीमला एका वाक्यात कळलं. तिने तोंड फिरवलं. चाचींना तिने समजावून सांगितलं, "अब्बांची तार बरोबर होती. चूक मॅडमच्या कामात होती, आणि अब्बांनी ती आधीच दाखवली होती."

चाची म्हणाल्या, "ह्ये त्यांना सांगायचं व्हतं तुमी. मला सांगून आता काय?"

मी दारातच उभी राहिले.

"चार वर्सं त्यो मानूस आपलेच हात बघत बसायचा," त्या म्हणाल्या. "म्हनायचा, वय झालं, हातातलं गेलं. आनि तुमी हितनं हाकेवर ऱ्हाता!"

मी माफी मागितली. त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही, आणि चहाही विचारला नाही. बरं वाटलं मला. चहा दिला असता तर मी तिथेच कोसळले असते. निघताना मात्र त्यांनी थांबवलं. "कागदावर लिहून द्या. सही करून. रशीद जोडनी ढिली ठिवतो म्हनून त्याला काम देत नव्हते, त्या समद्यांना दाखवीन मी."

काल साहेबांना फोन करून कागदाचं सांगितलं. ते म्हणाले, "माणूस गेला, विषय संपला. आता कशाला उकरतेस? कंपनीच्या नावाच्या कागदावर असलं काही मिळणार नाही." मी म्हटलं, मग माझ्या नावाच्या कागदावर देते.

तो कागद लिहून झालाय. चारच ओळी आहेत. दरवाजाच्या स्विचची जोडणी रशीदभाईंनी बिनचूक केली होती. चूक प्रोग्रॅममध्ये होती आणि प्रोग्रॅम माझा होता. रशीदभाईंनी ती अपघाताआधी मला दाखवली होती. हे मला चार वर्षं माहीत होतं. चौथी ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

चाचा, उद्या सकाळी पाळी सुरू होताना सगळे शेडमध्ये जमतील. ते दोन फिटर अजून तिथेच आहेत. मी हा कागद त्यांच्यासमोर मोठ्याने वाचणार आहे, साहेब असोत वा नसोत. आवाज कापला तर थांबेन, पण चौथ्या ओळीपर्यंत वाचेन. त्यानंतर नोकरी राहिली तरी आणि गेली तरी, संध्याकाळी तो कागद चाचींच्या हातात असेल. त्या ज्याच्या ज्याच्या दारात नेतील, तिथे मी त्यांच्याबरोबर उभी राहीन आणि विचारणाऱ्याला माझ्या तोंडाने सांगेन. हे वचन तुम्हाला ऐकू येत नाही, हे मला कळतं. तरी देते.

तुमच्या हातांबद्दल खोटं बोललेली,
मृणाल