गुलाबाला केसर, दिव्याला ज्योत

प्रिय समते,

जय भीम. अक्षर शेजारच्या आशाबाईचं आहे, बोलणं माझं. जिथे भाषा फारच शुद्ध वाटेल तिथे समज की तिनं हात फिरवलाय. अंगणवाडीतून रिटायर होऊन पाच वर्षं झाली, तरी माझ्या तोंडातलं 'मले' कागदावर उतरेपर्यंत ती त्याचं 'मला' करते. मी म्हटलं, अवं, पोरीले वाटन कोन्या दुसऱ्याच आजीनं धाडलं. हे वाक्य तेवढं तिनं जसंच्या तसं लिहिलं, बहुतेक रागानं. आणि फोन सोडून कागद कशाला, तर महिनाभर तू फोनमध्ये गोष्ट भरून पाठवत होतीस आणि मला मधे बोलता येत नव्हतं. आता तुझी पाळी. गुपचूप वाच.

तुझा पेपर झाला, तू मोकळी झालीस, आणि मला विहिरीपाशी उभं करून गेलीस, याचा काही विचार? एम.ए.ला तुला ती जाडजूड इंग्रजी कादंबरी होती. आजीला आपल्या बोलीत सांगितली की डोक्यात बसते म्हणालीस, आणि रोज संध्याकाळी एक तुकडा पाठवायला लागलीस. मी आणि आशाबाई चहा घेऊन फोनसमोर बसायचो. तो परका देश, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा, जिथे माणसंच माणसं विकत घ्यायची. कापसाच्या वावरात राबणारी ती आई आणि तिची नऊ वर्षांची पोर. कापूस म्हटल्याबरोबर मी पुढे सरकले. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला कशी लागतात ते तुझ्या प्राध्यापकांना पुस्तकातून कळलं असेल, मला बोटातून ठाऊक आहे. पोरीला विकायचं ठरलं तेव्हा आईनं तिला सांगितलं, तिथे तुझं नाव बदलतील. तू रोज सकाळी आपलं खरं नाव तळहातात बोल आणि मूठ मिट. त्या दिवशी आशाबाईचा चहा निवून गेला. ती म्हणते, हे नाही लिहायचं. मी म्हणते, लिहा.

मग ते राज्य संपलं, माणसं सुटली, आणि ती आई, आता म्हातारी झालेली, गावोगाव पोरीला जुन्या नावानं हाका मारत फिरली. पोरीला तर सगळं जग नव्या नावानं ओळखायचं, सापडणार कशी? शेवटी एका विहिरीवर एका लेकुरवाळ्या बाईनं तिला पाणी पाजलं. दोघींनाही ओळख पटली नाही. म्हातारी पाणी प्याली, वाटेला लागली, आणि जाता जाता सवयीनं तिनं हाक मारली. विहिरीवरच्या बाईची मूठ आपोआप मिटली. इथे तुझा तुकडा संपला. वीस दिवस झाले. तिनं मागे वळून पाहिलं की नाही?

बरं, तू अमरावतीला बसून पंधरा मार्कांचं उत्तर लिहिलंस म्हणे. नाव काढून घेणं म्हणजे माणसाची आठवणच काढून घेणं, असलं काहीतरी. पेपर छान गेला म्हणून मला फोन केलास. त्याच आठवड्यात डोणगावहून तुझ्या होणाऱ्या नवऱ्याची, धम्मदीपची, मोठी काकू बोलली, पोरगी चांगली आहे, पण लग्नात नाव बदलू, आमच्या धम्मदीपला धम्मज्योती शोभेल. दिव्याला ज्योत. आणि माझी पंधरा मार्कांची नात काय म्हणाली? "चालेल, काकू." हसू की रडू, असं झालं. हसले, कारण चूल पेटलेली होती आणि धुरानं डोळ्यांत पाणी होतंच.

अगं, माझंही असंच झालं होतं. तुझे आजोबा गुलाबराव, म्हणून माझ्या मामंजींनी मला केसर केलं. गुलाबाला केसर. घरात सून आणत होते की सरबताचं दुकान टाकत होते, देव जाणे. चौदाची होते. मला कोणी विकलं नव्हतं, त्या लोकांचं दुःख माझ्या पदरात बांधून घ्यायची माझी लायकी नाही. मी बैलगाडीतून आले, पोटभर बुंदी खाल्ली, आणि रडले ते नव्या चपला चावत होत्या म्हणून. सासरी कोणी वाईट नव्हतं. पण आठ दिवस "केसर, पाणी आण" म्हटलं की मी दुसरी कोण उठते ते बघत बसायची. सासू म्हणायची, सून जराशी बहिरी मिळाली.

म्हणून मागच्या मंगळवारी मी डोणगावला जाऊन आले. तुझ्या बापाला सांगितलं नाही, त्यालाही हे पत्र तूच वाचून दाखव. हिवरा आश्रमाहून मेहकर, मेहकरहून डोणगाव. माझी पंच्याहत्तरी झालेली म्हणून तिकीट फुकट, आशाबाईला अर्धं. ती वाटभर सांगत होती, केसरबाई, सोयरिकीत असं तोंड घालू नये. मी खिडकीतून तुरीची वावरं बघत होते.

न कळवता दोन म्हाताऱ्या दारात बघून तिकडे सगळ्यांचे चेहरे उतरले. काकूनं लगबगीनं चहा आणला. तुझी होणारी सासू महामाया हळूच म्हणाली, "मावशी, काही राहून गेलं का आमच्याकून?" मी म्हटलं, नाही बाई, एक गोष्ट सांगाले आली. अंगणात पाच-सहा बायका सुपं घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मीही एक सूप ओढलं आणि कापसाच्या वावरापासून सुरुवात केली. मूठ मिटायची वेळ आली तोवर एकीचाही हात चालत नव्हता. धम्मदीपची आजी, सुभद्राबाई, तिला कमी ऐकू येतं, ती ओरडली, "मंग? मांगं पाह्यलं का तिनं?" मी म्हटलं, आमच्या पोरीचा पेपर झाला ना, तिनं सांगितलंच नाही. तुझी सासरी पहिली बदनामी मी करून आले.

मग महामाया शेंगेकडे बघत म्हणाली, "मी पूनम होती." तिच्या जावा बघतच राहिल्या. तीस वर्षं एका चुलीवर भाकरी केल्या, कोणाला माहीत नव्हतं. मग एकेक सुटली. सुभद्राबाईनं आपलं नाव, पारू, इतक्या जोरानं सांगितलं की बाहेरची शेळी उठून उभी राहिली. सगळ्यात शेवटी काकू, तीच ज्योतवाली. ती पदरात तोंड घालून हसतच सुटली. माहेरी ती राजकुमारी होती. दुसरी एक म्हणाली, "म्हणूनच भांडे घासत नाई थे." काय हसलो, पोरी. शेंगा राहिल्या बाजूला. निघताना काकू मला म्हणाली, "मावशी, पत्रिकेत समताच छापू. दिव्याले ज्योत काऊन पाह्यजे, घरात लाइट हाय आता."

पण पत्रिका अजून छापायला दिलेली नाही. तुला विचारल्याशिवाय छापली तर मी त्या मामंजींसारखीच झाले. तुला मनापासून धम्मज्योती व्हायचं असेल तर तसं सांग, मी पुन्हा डोणगावला जाईन, मला कुठे तिकीट लागतं. फक्त "चालेल" म्हणू नकोस. आणि तुला न विचारता गेले म्हणून रुसली असशील तर घरी येऊन रूस.

आता खरं काम. डोणगावच्या अंगणात सगळ्यांनी मलाही विचारलं, "तुमचं नाव काय व्हतं?" मी चहाचा कप तोंडाला लावला. आधार कार्डावर केसर, राशनवर केसर. भाऊ मला बाई म्हणायचा. त्या नावानं हाक मारणारी एक आई होती, तिला जाऊन एकेचाळीस वर्षं झाली. आधी ते तुला सांगायचं होतं, म्हणून हे पत्र. आशाबाईला आता सांगितलं, तर शेजारधर्माची इतकी वर्षं वाया गेली म्हणत पेन खाली ठेवून बसली होती. येत्या रविवारी येशील तेव्हा फाटकाची कडी वाजवू नकोस. मी चुलीपाशी पाठमोरी बसलेली असेन, मुद्दाम. आजी म्हणायचं नाही. खाली लिहिलंय त्या नावानं दारातून एकच हाक मार, लाजू नकोस. मी मागे पाहते का ते बघू. मग आत ये, आणि विहिरीवरच्या त्या बाईचं काय झालं ते सांग.

तुझीच,
कौतिका