दिनेशलेच बोलवा

१२ नोव्हेंबर

आयुष्यात पहिल्यांदा हेलिकॉप्टरमध्ये बसले आणि एकदाही खाली पाहिलं नाही. समोर स्ट्रेचरवर ती बाई! मांडीत गोळी, तीही तिच्याच लोकांनी मारलेली. नक्षल्यांचं दलम सोडून पळाली, दोन दिवस जंगलातून सरपटत आली आणि आमच्या पोलीस मदत केंद्राच्या तारेपाशी बंदूक ठेवून आडवी झाली. केंद्रात बाई शिपाई मी एकटीच. साहेब म्हणाले, गडचिरोली येईपर्यंत हिला बोलती ठेव, डोळा लागू देऊ नको.

नाव विचारलं. रुखमा. पुढे काही नाही. किती जण होते, हत्यारं कुठे पुरली — गप्प. माझी गोंडी शिकलेली, तुटकी. वाटलं, हिला कळत नसेल. तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं. गोंडीत म्हणाली, दिनेशला बोलवा, त्याच्याशीच बोलेन.

दिनेश ढीगभर आहेत, म्हटलं. कोणता?

सात वर्षांमागे दलम सोडून तुमच्याकडे आला तो. डाव्या कानाची पाळी फाटलेला.

तो कान मी रोज पाहते. नवरा आहे माझा!

१३ नोव्हेंबर

साहेबांना सांगावंच लागलं. ते खूश — "अरे, घरचाच दुभाषी!" दिनेश सूरजागडला लोहखनिजाचा ट्रक चालवतो. साहेबांनी एक फोन केला, त्याला आठवड्याची सुट्टी आणि आम्हा दोघांना इथे गडचिरोलीत क्वार्टर. मला आईच्या आजारपणात दोन दिवस मिळवायला तीन अर्ज करावे लागले होते!

रात्री क्वार्टरवर विचारलं, कोण आहे ती? "दलममधी होती." बस, एवढंच. आणि वाढलेला भात तसाच ठेवून उठला.

१४ नोव्हेंबर

दवाखान्यातली वेगळी खोली. साहेब खुर्चीत, मी कागद घेऊन कोपऱ्यात, दिनेश खाटेजवळ. तो आत येताच ती हाताने तोंड झाकून रडायला लागली. तो खाली वाकून काहीतरी म्हणाला. एकच शब्द. सहा वर्षं गोंडी शिकले मी, तो शब्द कुणी शिकवला नव्हता.

साहेबांनी हत्यारांचं विचारलं. दिनेशने तिला विचारलं. ती बोलत राहिली, बोलत राहिली, मध्येच दिनेश हसला! मग आमच्याकडे वळून — "म्हणते, आत्ता आठवत नाई."

"एवढं बोलली आणि एवढंच?" साहेब.

"बाकीचं गावाकडचं हाय, साहेब."

माझ्याशी पाच वर्षांच्या संसारात गावाकडचं किती बोलला असेल? बोटावर मोजावं. इथे मात्र गंगा वाहतेय.

१५ नोव्हेंबर

आज त्याने तिच्यासाठी तांदळाची पेज केली. स्वतः! माझ्या डब्यात नेली. याला पेज करता येते हे मला आज कळलं.

१६ नोव्हेंबर

गोंडपिपरीहून आईचा फोन. जय भीम झालं, तब्येत झाली, की आलीच मूळ गोष्टीवर. "नूतन, लेकराची कवापर्यंत वाट पाह्यतं? त्याचं तिथीच ऑपरेशन केलं असंन. जंगलातल्या मान्साशी लग्न करू नको म्हणत होती मी."

हे ती त्याच्या तोंडावरही म्हणते. गेल्या दिवाळीत जेवताना म्हणाली. तो खाली मान घालून जेवत राहिला.

आईचं चुकत नाही. दलममध्ये लग्नाची परवानगी मिळते ती पुरुषाने आधी नसबंदी केली तरच. शरण आलेल्या किती जणांच्या बयाणात मी स्वतः ते लिहिलंय. इकडे आल्यावर कित्येकांनी उलट ऑपरेशन करून घेतलं, आता त्यांची पोरं शाळेत जातात. दिनेशच्या बयाणात त्याबद्दल अक्षर नाही. लाजेने सांगितलं नसेल असं मी धरून चालले. एकदा भीतभीत म्हटलं, नागपूरला दाखवू. "राहू दे," म्हणाला. मीही राहू दिलं. स्वतःला मोठ्या मनाची समजत होते! नवऱ्याचं उणं पोटात घालणारी.

पण आज भाजी चिरता चिरता थांबले. ऑपरेशन लग्नासाठी करतात. मग याने कुणासाठी केलं?

त्या बाईसाठी. माझी लेकरं तिच्यापायी गेली, मी याला पाहण्याआधीच. आणि तिला मी उठवून बसवते, पाणी पाजते, वेणी घालून देते!

१७ नोव्हेंबर

साहेबांना जाऊन सांगितलं — दिनेशचं तिच्याशी जुनं प्रकरण आहे, तो काय सांगतो आणि काय गाळतो याचा भरवसा नाही. त्यांना शंका होतीच. दिनेशला दारातूनच परत पाठवलं. हातात डबा. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि डबा घेऊन जिना उतरला.

वाईट वाटलं. फार नाही.

१८ नोव्हेंबर

ती बोलत नाही. जेवतही नाही. दुसरा दुभाषी आणला, त्याच्याकडे पाठ करून पडून राहिली. साहेब चिडलेत. तिचे लोक ती हत्यारं हलवायच्या आत जागा कळायला हवी. "तुझ्या बोलण्यावर गेलो आणि फसलो," म्हणाले. घरी बरणीचं झाकण निघत नव्हतं तरी त्याला सांगितलं नाही.

१९ नोव्हेंबर

दुपारी साहेब फोनवर बाहेर गेले. खोलीत आम्ही दोघीच. माझ्याने राहवेना. तोडक्यामोडक्या गोंडीत विचारायला लागले, तर ती म्हणाली —

"मराठीत विचार ना, बाई. आश्रमशाळेत चवथीपर्यंत होती मी."

अंगाचा तिळपापड झाला! "मराठी येते तुले? मंग दिनेश काऊन पाह्यजे होता?"

"पाहाचा होता."

सरळ! लाज ना शरम. म्हटलं, मीही सरळच विचारते.

"मी बायको हावो त्याची."

"मालूम हाय. पह्यल्या दिवशीच सांगतलं त्यानं."

"ऑपरेशन तुह्यासाठीच केलं ना त्यानं?"

"कोनतं ऑपरेशन? ऑपरेशन झालं का लग्न, अशी परवानगी भेटली होती आमाले. डॉक्टर येनार होता. आदल्या दिवशी मले म्हणे, चाल पळू, मले लेकरं पाह्यजेत. मी म्हटलं, लेकरं घेऊन लढाई होते का? सकाळी पाह्यलं तं याची चादर रिकामी." मांडीवरची पट्टी चाचपत म्हणाली, "तवाच जाले पाह्यजे होतं मी."

मग भिंतीकडे बघत म्हणाली, "आता पाह्यलं त्याले. लिहून घे हत्यारांचं." नाला, त्याच्या वरचा मोठा खडक, मोहाची तीन झाडं — सगळं सांगितलं. साहेब आत आले तोवर माझं पान भरलं होतं. साहेबांनी पाठ थोपटली.

सोडून आला तिला! तिच्याशी लग्न ठरलेलं असताना सोडून आला! दवाखान्यातून क्वार्टरपर्यंत चालत आले, पाय जमिनीवर नव्हते. वाटेत मासे घेतले. दिनेश म्हणाला, आज काय हाय? म्हटलं, काही नाही, जेव.

२० नोव्हेंबर

ऑपरेशन झालंच नव्हतं. काल माझ्याच हाताने लिहिलं आणि आज वर्दी घालताना कळलं. झालंच नव्हतं! म्हणजे उणं त्याच्यात नाही.

पलंगावर बसून राहिले. तो चहा घेऊन आला. विचारलं — आई एवढं बोलायची, ऑपरेशन झालं नाही हे तिला एकदाही का नाही सांगितलंस?

"मंग त्या तुले बोलल्या असत्या."