सगळ्या तारा एका सुरात

आबा, पन्नाशी उलटल्यावर मी गिटार शिकायला घेतलीय. मास्तर नाही, मोबाईलवर बघून, एकट्यानं. दिघी बंदरातलं ऑफिस सुटलं की संध्याकाळच्या बोटीनं आगरदांड्याला उतरतो, घरी येतो आणि खोलीचं दार लावून बसतो. डाव्या हाताची बोटं सोलून निघालीत, ऑफिसात कागद चाळताना झोंबतात. अजून एक चाल धड निघत नाही.

पहिल्या दिवशी गिटार सुरात लावायला घेतली आणि तुम्हीच दिसलात. स्वयंपाकघरात पाटावर बसला आहात, मांडीवर बटणांचा बेंजो, आईनं वाढलेला भात निवतोय. बेंजो पार्टीची गाडी दारात उभी, कुठल्या तरी गावात हळद खोळंबलेली, तरी तुमचा कान तारांनाच. मला जवळ ओढून म्हणालात, "तारा भांडतात, आयकू येतंय का? सगल्या एका सुरात आल्या का मंगच हात लावायचा." ऐकू येत होतं, आबा. पण शाळेतली पोरं दारावरून जात होती, त्यांनी बघू नये म्हणून मी मान फिरवून बसलो.

तुमच्याकडून तेवढं एकच शिकलेलो, तेच गिटारीला लावलं. सहाही तारा एका सुरात आणायला खुंट्या पिळत गेलो. एक जाड तार ताणता ताणता ताडकन तुटली आणि मनगटावर वळ उठवून गेली. लेक धावत आली आणि हसत खालीच बसली. म्हणाली, "बाबा, गिटारीच्या प्रत्येक तारेचा सूर वेगळा असतो. हे कुणी शिकवलं तुम्हाला?" मोबाईलवर असंच दाखवलंय, मी म्हटलं. तुमचं नाव जिभेवर आलं होतं, ते गिळलं. लाज वाटते हे लिहायला.

परवा तिचीच हळद आहे. बायका हळद लावायला उठल्या की तुम्ही जी चाल धरायचात, ती तिला मी वाजवलेली हवीय. गिटार घेतली ती त्यासाठीच. माळ्यावर आजोबांचा बेंजो असताना गिटार कशाला, असं तिनं विचारलंही. बटणं गंजलीत म्हणून सांगितलं. खरं सांगायचं तर हळदीला बंदरातले साहेब लोक येणार आहेत. हातात गिटार असली तर हौशी दिसेन, बेंजो घेतला तर हळदीत वाजवणाऱ्याचा पोरगा दिसेन. या वयात, आबा, अजून हेच डोक्यात.

आज घरात कुणी नव्हतं. बेंजो खाली काढला. तुम्ही गेल्यावर आईनं तिच्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेला, बटणांना गंज नावाला नाही. नव्या तारा घातल्या, एका सुरात आणल्या, आणि भांडण मिटलं ते कानाला लगेच कळलं. महिनाभर गिटारीवर न निघालेली तुमची चाल चाचपडत का होईना निघाली. मला रडू आलं. परवा मांडवात हाच मांडीवर घेऊन बसेन, असं तुम्हाला कळवायला हे लिहायला घेतलं होतं. पण घर रिकामं असूनही, वाजवण्याआधी मी उठून खोलीचं दार लावून घेतलं होतं.