ऋतुजाचं धुणं माझ्याकडे

४ ऑगस्ट

आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचायची नाही, त्यामुळे मोकळेपणानं लिहायला हरकत नाही.

जूनपासून नांदेडात आहे. भाग्यनगरला उमादेवींच्या घरातली वरची भाड्याची खोली. ऋतुजाचं नीट परीक्षेचं वर्ष. हदगावचं घर, सोयाबीन, दोन म्हशी, सगळं बायकोच्या, सिंधुच्या हवाली करून बाप लेकीसाठी इथं येऊन राहिला आहे. याला त्याग म्हणतात. माझ्या मेहुण्यानं पोराला लातूरच्या होस्टेलवर टाकलं आणि स्वतः खुशाल घरी बसला. पोरगा एमबीबीएसला लागला ही गोष्ट वेगळी.

कामांची वाटणी अशी. स्वयंपाक सिंधुचा. डबा रोज सकाळच्या एसटीनं येतो. तो स्टँडवरून आणणं आणि रिकामा परत पाठवणं हे मी करतो. झाडलोट ऋतुजाची, क्लासला जायच्या आधी. अभ्यास अर्थातच तिचा. धुणं आणि एकंदर देखरेख माझ्याकडे.

६ ऑगस्ट

ऋतुजाच्या मानेवर आणि कोपराच्या आतल्या बाजूला लाल चट्टे. केमिस्ट्रीच्या टेस्टमध्ये एका हातानं उत्तरपत्रिकेतले गोळे काळे करत होती आणि दुसऱ्या हातानं खाजवत होती म्हणे. सिंधुला फोन केला. तिनं विचारलं पावडर कोणती वापरता. म्हटलं, टीव्हीवर येते ती. तर म्हणाली, मग बदला.

इतकं सोपं असतं तर जगात डॉक्टर कशाला लागले असते!

पुढं असंही म्हणाली की खुरपणीला बायका मिळून नाही राहिल्या, तुम्हीच या, धुणं काय पोरगी रविवारी बडवंल. हा विषय मी वाढवला नाही. पण एक लक्षात आलं. हे चट्टे राहिले तर माझं नांदेड जाईल. उद्यापासून संशोधन.

७ ऑगस्ट

मोबाइलवर संशोधन. सेन्सिटिव्ह स्किन, एन्झाइम, पीएच, फ्रॅग्रन्स-फ्री, हायपोअलर्जेनिक. शेवटचा शब्द नीट म्हणता यायला दुपार गेली. मी स्वतः बारावी सायन्सला होतो. निकालाचा इथं संबंध नाही.

व्हिडिओ बघता बघता डोळा लागला. उठलो तेव्हा कुणीतरी कोरियन बाई तांदळाच्या पाण्यानं तोंड धूत होती.

९ ऑगस्ट

बाळांच्या कपड्यांचं लिक्विड आणलं. बाटलीवर बाळ हसून राहिलंय. विश्वास बसला.

अडचण अशी की फेसच येईना. उमादेवींच्या बोअरचं पाणी जड, त्यात वरणसुद्धा शिजत नाही. फेस नाही म्हणजे मळ निघत नाही, हे सांगायला कंपनी कशाला पाहिजे. बाटलीवर ‘एक झाकण पुरे’ असं लिहिलंय. ते पुणेकरांसाठी असावं. मी फेस येईपर्यंत ओतलं. असा फेस आला की बादली दिसेना.

खंगाळायला लागलो तर खालून उमादेवींचा आवाज आला की टाकी तळाला गेलीय. एकदाच खंगाळून वाळत घातले. कपडे वाळल्यावर जरा कडक वाटले. कडक म्हणजे स्वच्छ.

१३ ऑगस्ट

चट्टे पाठीवर गेले. लिक्विडमध्ये दम नाही. हिरव्या पुड्याची पावडर आणली, कडुनिंबवाली.

१६ ऑगस्ट

कडुनिंब अंगी लागेना. गुलाबी पुडा. रात्री रिठेही भिजत घातले, आपलं जुनं शास्त्र म्हणून. क्लासचा पांढरा टी-शर्ट चहाच्या रंगाचा निघाला. ऋतुजा तसाच घालून गेली. शिकवणारे सर म्हणाले म्हणे, बेटा, पेपर लिहिताना चहा कमी पी.

निश्चय: यापुढे कोणतीही पावडर आधी स्वतःवर टेस्ट करायची.

१८ ऑगस्ट

पॅच टेस्ट. प्रत्येक पावडरीची चिमूट ओली करून दंडावर पट्टीनं बांधली आणि दुपारची झोप घेतली. उठून पाहिलं तर सगळ्या पावडरी पास. सिंधुला अभिमानानं सांगितलं. ती म्हणाली, तुमची कातडी जाड हाय हे मला लग्नापासून ठावं हाय.

२० ऑगस्ट

ऋतुजाला स्किनच्या डॉक्टरकडं नेलं. म्हणजे तिनंच अपॉइंटमेंट घेतली होती, मी सोबत गेलो. डॉक्टर वयानं फार लहान. मी पीएच काढला तर हसला. म्हणाला, बिनवासाची साधी कोणतीही एक घ्या, अर्धा चमचा टाका, दोन-तीनदा खंगाळा, आणि महाराज, तीच ठेवा, रोज प्रयोग करू नका.

प्रयोग करू नका! आणि हा म्हणे सायन्सचा माणूस. लावायला एक ट्यूब दिली आणि सगळं बोलणं ऋतुजाशीच केलं. मी फोटोतल्या माणसासारखा बसून होतो.

परत येताना ऋतुजानं विचारलं, पप्पा, धुणं मी करू का? मी साफ नाही म्हणालो. पोरीनं परीक्षेच्या वर्षात बादलीत हात घालायचा, मग बाप इथं कशाला आहे? त्यावर ती खिडकीबाहेर बघत राहिली. मनाला लागलं असेल तिच्या. बापाचं प्रेम मुलांना उशिरा कळतं.

२७ ऑगस्ट

ट्यूब चालू आहे. धुणं नेमानं. टोपलीत रोज कपडे येतात, मी रोज धुतो. नवा आणलेला निळा पुडा बरा वाटतो आहे, पण वास जास्त. डॉक्टरचा मान राखून अर्धा चमचा टाकला. फेस नाही. मग त्याचा मान राखून झाला असं समजून मूठभर टाकली.

डब्याची पिशवी स्टँडवर न्यायला हल्ली जड लागते. वय होत चाललं. सकाळी बदाम खायला सुरुवात करावी.

३ सप्टेंबर

चट्टे फिके पडले!! ऋतुजानं स्वतः मान दाखवली. आज टेस्टमध्ये एकदाही खाजवलं नाही म्हणाली.

चहाच्या टपरीवर धोंडप्पांना सांगितलं. हे देगलूरचे, किराणा दुकान मुलावर टाकून दिपालीसाठी इथं आलेत, खालच्याच खोलीत राहतात. माझ्यासारखेच त्यागी. त्यांच्या दिपालीलाही उन्हाळ्यात थोडी खाज होती. त्यांनी विचारलं, नेमकं कशानं गेलं? मी म्हटलं, संशोधनानं. आणखी दोन-तीन पालक जवळ सरकले. माझ्या चहाचे पैसे धोंडप्पांनी दिले.

५ सप्टेंबर

‘नाजूक त्वचा पालक मंडळ’ या नावाचा ग्रुप काढला. अध्यक्ष मी. दुसरं कुणी उभं राहिलं नाही.

आता प्रश्न असा की नेमकी कोणती पावडर लागू पडली? निळी चालू होती, पण त्यात हिरवी आणि गुलाबी उरलेली मी अधूनमधून टाकत होतो. लिक्विडही संपवायचं होतं. म्हणजे गुण एकाचा नाही, सगळ्यांचा आहे. औषधाच्या काढ्यातसुद्धा एकच पाला नसतो.

१२ सप्टेंबर

सिंधुचा फोन. सोयाबीन पिवळं पडायला लागलंय, काढणीला या म्हणाली. मी म्हटलं, ऋतुजाचे चट्टे कुणामुळं गेले? इथून मी हललो की परत येतील. मग म्हणाली, बरं, राहा.

प्रथमच माझं काम घरात मान्य झालं. ऊर भरून आला.

१७ सप्टेंबर

सगळे उरलेले पुडे, लिक्विड आणि रिठ्याची भुकटी एका पिंपात घालून लाकडानं हलवलं. पिंपातून धूर निघाला असं उमादेवी म्हणतात, पण ती धूळ होती. नाव ठेवलं ‘ऋतुजा फॉर्म्युला’. पिशव्या भरून उमादेवींच्या घरातल्या चारही खोल्यांत वाटल्या. फुकट. धोंडप्पांनी दोन घेतल्या. प्रत्येकाला बजावलं, फेस येईपर्यंत टाका.

ऋतुजाला सांगितलं तर तिच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. सगळ्यांना दिलं का, असं विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांना. तिनं कपाळाला हात लावला. लाजरी आहे पोरगी. आपलं नाव दिलेलं तिला आवडलं नसेल.

२२ सप्टेंबर, रविवार

आज मोठी मॉक टेस्ट. दुपारी ग्रुपवर पहिला मेसेज आला: ‘आमचीला फार खाजतंय.’ मग दुसरा. मग फोटो. मी लिहिलं, घाबरू नका, शरीरातलं जुनं बाहेर पडतं. धोंडप्पा ग्रुप सोडून गेले. टायपिंगची चूक असेल, बोट लागलं असेल.

संध्याकाळपर्यंत ग्रुपमध्ये मी आणि एक बंद नंबर.

२३ सप्टेंबर

सकाळी उमादेवींच्या ओसरीवर सगळे पालक. दिपाली बापामागं उभी, दोन्ही हात लाल, खाजवून खाजवून रडवेली झालेली. पेपर अर्धा सोडून उठली होती बिचारी. धोंडप्पा इतका शांत माणूस, पण आज माझ्या अंगावर आले. पोरीचं वर्ष हाय हे, कोंबड्या न्हाईत आम्ही तुमच्या प्रयोगाच्या, असं म्हणाले.

मी गडबडलो नाही. शास्त्राला पुरावा लागतो. ऋतुजाला हाक मारून खाली बोलावलं आणि तिची मान सगळ्यांना दाखवली. एक चट्टा नाही. म्हटलं, हिचेही कपडे याच फॉर्म्युल्यानं धुतो. मग हिला का खाजत नाही?

ऋतुजा खाली बघत होती. मग म्हणाली,

‘माझे कपडे मम्मी धुती.’

मला वाटलं पोरगी गांगरली. म्हटलं, बेटा, सगळ्यांसमोर नीट सांग. तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं.

‘डब्याच्या पिशवीत घालून पाठवती मी. तुम्ही धुता ते मी घालतच न्हाई, पप्पा. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून टोपलीत टाकती.’

ओसरीवर कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

२४ सप्टेंबर

पूर्ण दिवस खोलीत.

म्हणजे डॉक्टरकडून आल्यापासून रोज सकाळी तिचे मळके कपडे मीच खांद्यावर घेऊन स्टँडवर गेलो आणि धुतलेले मीच घेऊन आलो. सिंधु सकाळी पाचला डबा करते, त्याआधी उठून ते धूत होती. साबणाच्या साध्या वडीनं. विहिरीच्या पाण्यात. शेत बघून, म्हशी बघून. आणि फोनवर मला ‘बरं, राहा’ म्हणाली.

तरी एक मुद्दा उरतोच. विहिरीचं पाणी हलकं असतं. त्याची नोंद डॉक्टरनंही घेतली नव्हती.

२६ सप्टेंबर

उमादेवींनी खोली सोडा असं म्हटलेलं नाही. फक्त तुम्ही सोडा म्हणाल्या. दिपाली ऋतुजाच्या खोलीत राहायला येणार, धोंडप्पाही देगलूरला परत जाणार. पोरींचं दोघींचं बोलणं आधीच झालेलं दिसतं. दिपालीनं मला नमस्कार केला, तोही हात बाहीत ठेवून.

पिंप गच्चीवर आहे. उमादेवी विचारत होत्या, फरशीला चालंल का. मी म्हटलं, आधी कोपऱ्यात टेस्ट करा.

२८ सप्टेंबर, हदगाव

घरी आलो. सिंधुनं चहा दिला, विळा दिला.

५ ऑक्टोबर

सोयाबीन काढणी. पाठ गेली. संध्याकाळी माझे कपडे दोरीवर नव्हते. विचारलं तर म्हणाली, तुम्हाला धुण्यातलं लई कळतं, तुमचे तुम्ही धुवा. आता बादलीत दोन पोरींचे कपडे असतात, दिपालीचेही इथंच येतात. त्या बादलीला हात लावायची मला मनाई आहे. पिशवी स्टँडवर पोचवतो.

निश्चय: सिंधुला अर्ध्या चमच्याचं शास्त्र समजावून सांगायचं. योग्य वेळी.

१९ ऑक्टोबर

ऋतुजाचा फोन. मॉक टेस्टला मार्क वाढले. दिपालीचेही वाढले. दोघींपैकी कुणालाच खाज नाही. खोलीत आता शांतता असती, अभ्यास होतो, म्हणाली. मी विचारलं, दिवाळीनंतर येऊ का मी? धुण्याला हात लावणार नाही. नुसता बसेन.

ती मग फार मायेनं म्हणाली, ‘परीक्षा झाल्यावर या, पप्पा.’

परीक्षा मे महिन्यात आहे. फोन ठेवला तरी हातातच होता. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

सिंधुनं चुलीपासून विचारलं, काय म्हणली पोरगी? मी सांगितलं, या म्हणली. कधी, असं तिनं विचारलं. तेव्हा मी म्हशींना पाणी दाखवायला उठलो.