वडगावची विद्युल्लता

निपाणी,
९ मार्च १९४७

प्रिय चंपे,

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण वखारीत सध्या नवा तंबाखू येतोय आणि दिवसभर चाळून हात इतके जड होतात की संध्याकाळी टाक धरवत नाही. शेजारच्या खोलीतली यल्लव्वा म्हणते, "चंपीला लिही, माझा खोकला गेला म्हणून." खोकला गेलेला नाही, पण निरोप पोचवला. तू विचारलंस, ‘शाळेत मुली मला बिडीवाली का म्हणतात, कुणीतरी खरं सांगा.’ मामा म्हणाला असेल, तुझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला आहे म्हणून. कामाला मी आहेच, पण कारण ते नव्हे. बिडीच्या बंडलावरच्या कागदावर वेणी पुढे घेतलेली जी मुलगी हसते, ती मी आहे. वीस वर्षं होत आली, ती तशीच हसतेय. तू आता चौदा वर्षांची झालीस. दहा जणांच्या तोंडून तुकडे तुकडे ऐकण्यापेक्षा माझ्याकडून सबंध ऐक.

मी तुझ्याएवढी होते तेव्हा वडगावात आपल्या घरी दोन माग होते. आप्पा, म्हणजे तुझे आजोबा, विणायचे, आई सुताला खळ द्यायची, मी आणि तुझा मामा भावकू कांड्या भरायचो. मराठी तिसरीपर्यंत शाळा झाली होती. उरलेला वेळ मी विहिरीत काढायची, आणि काठावर पोरं विचार करत उभी असायची तोवर मी दोनदा उडी मारून वर आलेली असायची. त्या साली बेळगावच्या किल्ल्यात कोल्हापूरची एक सिनेमा कंपनी चित्र घ्यायला आली. राणीसाठी रुंद काठाचं लुगडं हवं होतं. आप्पा खांद्यावर गठ्ठा टाकून निघाले, मी मागोमाग. जाऊन बघते तर खंदकाच्या वर राणी झालेली बाई हमसून हमसून रडत होती. शत्रू पाठीवर आलेत आणि राणीनं तटावरून पाण्यात उडी घ्यायची, असा देखावा होता. बाई म्हणत होती, मी मरेन. मला हसू फुटलं, तेही मोठ्यानं. कंपनीचे मालक गर्रकन वळले. "हसतेस काय? तू मारतेस?" मी आप्पांकडे बघितलं. आप्पा म्हणाले, "लुगडं नवं हाय, तेवढं जप." मी काचा मारला आणि घेतली उडी. ती पुन्हा घ्यावी लागली, कारण पडताना मी हसत होते आणि राणीनं हसायचं नव्हतं.

पुढच्या चित्रात ती बाई नव्हती, मी होते. माझं गुणा हे नाव मालकांना खेडवळ वाटलं. त्यांनी मिस विद्युल्लता केलं. वडगावात ते कुणाच्या तोंडात बसेना. कुणी विजलता म्हणायचं, कुणी विजूलता. आप्पा माझ्याबरोबर कोल्हापूरला आले आणि स्टुडिओच्या फाटकाशी दिवसभर बसून राहायचे. बसल्या बसल्या बोटं कांडी भरल्यासारखी फिरायची. मी घोड्यावर बसले, झाडांवरून उड्या मारल्या, जळत्या गवताच्या गंजीतून धावले. भीती वाटायची का? वाटायची. पण कॅमेऱ्याचं हँडल फिरायला लागलं की अंगात वारं यायचं, आणि ते वारं मला आवडायचं. हे मी आजही खालच्या मानेनं सांगणार नाही.

सोळाव्या वर्षी मी एकदा गुपचूप निपाणीच्या तंबूत माझंच चित्र बघायला आले, तोंडावर पदर घेऊन. तेव्हा चित्रं मुकी. पडद्यावर लिहून येई ते वाचून दाखवायला भरमू नावाचा एक माणूस बाजूला उभा असे, झुपकेदार मिशांचा, आवाज नगाऱ्यासारखा. पडद्यावर मी ओठ हलवायची आणि भरमू गरजायचा, "नराधमा, सोड माझा पदर!" लोक वेडे व्हायचे. पडद्यावर फुलं पडायची, टोप्या उडायच्या. बाहेर आले तर पानाच्या ठेल्यावर माझं तोंड छापलेली बिडी. इथल्या एका कारखानदारानं कंपनीकडून फोटो घेतला होता. मला कुणी विचारलं नव्हतं. बेळगावात पोरी माझ्यासारखी वेणी पुढे घ्यायला लागल्या म्हणून एका शाळेत वेण्या मागे बांधायचा हुकूम निघाला, असं भावकू सांगायचा. तो तेव्हा खुशीत असायचा. ‘माझी आक्का’ म्हणून शेजारच्या खासबागेपर्यंत मिरवून यायचा. त्याच्यावर रागावू नकोस. पुढं त्यानं पुष्कळ सोसलं.

त्या दिवसांत वाईट काही नव्हतं असं समजू नकोस. चांगले कपडे घातलेले पुरुष संध्याकाळी दार वाजवायचे, आणि दार उघडलं नाही की दुसऱ्या दिवशी माझं काम कमी व्हायचं. आप्पा खोलीच्या दाराबाहेर बाज टाकून झोपायचे म्हणून निभावलं. चार दिवस वडगावला आले असताना ते वारले, तेव्हा मी पडद्यावरची सती होते, चितेचा देखावा चालू होता. तो पुरा करूनच मला सोडलं. आप्पांना मी बघितलं ते तिरडीवर. समाजातल्या चार जाणत्यांनी मला उंबऱ्याबाहेर उभं केलं, की नाचीला आत घेता येणार नाही. मी कधी नाचले नव्हते, आणि नाचले असते तरी त्यांचं काय जात होतं?

मग चित्रं बोलायला लागली. मालकांनी मला मायक्रोफोनपुढं उभं केलं आणि वाक्य दिलं, ‘नाथ, मी आपणांस सोडून कोठेही जाणार नाही.’ मी म्हटलं. आतल्या खोलीत ऐकणारा माणूस पोट धरून हसत बाहेर आला. माझं ‘नाही’ न्हाय व्हायचं, आणि वाक्याच्या शेवटी आपल्याकडचा हेल. मग पुण्याहून एक मास्तर आणले. त्यांनी महिनोन् महिने मला घासलं. हे पत्र मी असं लिहितेय ते त्यांच्यामुळं, तेवढं त्यांचं मी ठेवून घेतलं. पण बोलताना माझ्या तोंडात दुसऱ्याच कुणाची तरी जीभ शिवून टाकल्यासारखं व्हायचं. चित्र लागलं. नवरा मरतो त्या देखाव्याला मी टाहो फोडला आणि पुण्याचे लोक हसले, की काय ही गावंढळ बोलते. मी मनाशी म्हटलं, बेळगावचे नाही हसणार, ती माझी माणसं. बेळगावचे त्याहून जास्त हसले. "आमची गुणी पुण्याच्या बाईगत बोलाय लागली की रं!" मी शेवटच्या बाकावर बसले होते. त्या दिवशी मला कळलं, की तिकडच्यांना मी कमी पडले आणि इकडच्यांना जास्त झाले, आणि मधे उभं राहायला कुणी जागा ठेवली नव्हती. वीस वर्षांची होते. कंपनीनं पुन्हा बोलावलं नाही.

आता तुझ्या वडिलांविषयी. बिडीवर माझा फोटो छापणारा तो कारखानदार म्हणजेच तुझे वडील. घरात पहिली बायको होती, तरी देवळात माझ्या गळ्यात माळ घातली. मला वाटलं, एक तरी माणूस अजून मला विसरलेला नाही. पण त्यांना लग्न माझ्याशी करायचं नव्हतं, लेबलाशी करायचं होतं. पाहुणे आले की मला दिवाणखान्यात बोलावणं यायचं. वेणी पुढे घेऊन ये. तो तटावरचा देखावा करून दाखव. बोलू नकोस, नुसते हावभाव कर, म्हणजे गंमत जाणार नाही. मी ते करायची. तू झालीस, तरी करायची. एकदा पाहुण्यांपुढं त्यांनी तुला उचलून टेबलावर ठेवलं. तू जेमतेम साडेचार वर्षांची. म्हणाले, "आता धाकटी विद्युल्लता!" लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तू रडायला लागलीस. मी तुला टेबलावरून उतरवलं. ते म्हणाले, "अजून झालं नाही." मी म्हटलं, "झालं." मास्तरांच्या जिभेनं नाही, माझ्या. "लई झालं. आता न्हाय." तुला कडेवर घेऊन मी त्या घरातून निघाले ती पुन्हा मागे गेले नाही.

भावकूनं तुला ठेवून घेतलं. समाजानं त्याला अट घातली होती, की पोर चालेल, बहीण नको. बायको ओरडत असताना, गिऱ्हाईक तुटत असताना त्यानं तुला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, शाळेत घातलं. म्हणून दहा वर्षं मी वडगावला येते ती परड्यातून, मागच्या दारानं, अंधार पडताना, आणि तुला उराशी धरून उजाडायच्या आत निघते. तुला वाटत असेल, आईला कामातून सवड नसते. सवड असते गं.

मी दुसऱ्या एका मालकाच्या वखारीत कामाला लागले. तिथं सुरुवातीला बायका मला बघायला यायच्या. एक जण बिडीचं बंडल माझ्या गालाशी धरून म्हणाली, "व्हय गं, नाक तेच हाय." पुढं सवय झाली. तिथला मुकादम सुटीच्या वेळी फाटकाशी बायकांची झडती घ्यायचा, तंबाखू चोरून नेतात म्हणून, आणि हात जिथं जाऊ नये तिथं जायचा. सगळ्याजणी खाली बघून सोसायच्या. गेल्या दिवाळीआधी त्यानं यल्लव्वाला धरलं. मी तंबाखूच्या पोत्यांवर चढले आणि बोलले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. "आमी चोर न्हाय, आन् ह्येचा हात लागू देणार न्हाय. बाई झडती घेईल तर घरी जाऊ, न्हायतर हितंच बसू," असं काहीसं. पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. एकही बाई हसली नाही. फाटकातच बसल्या सगळ्या, तान्ही पोरं असलेल्यासुद्धा. मला कामावरून काढलं, मग बायका कामाला जाईनात म्हणून परत घेतलं. आता फाटकाशी झडतीला बाई असते. लोक म्हणतात विद्युल्लता संपली. संपली तर संपली. गुणाबाई अजून आहे आणि तिचा घसा शाबूत आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. गेल्या गुरुवारी, बाजारच्या दिवशी, भावकू इथं आला होता. त्यानं मला ते सांगितलं जे तू पत्रात लिहायचं टाळलंस. शाळेच्या संमेलनात तुझं काम बघून कोल्हापूरच्या एका कंपनीनं तुला चित्रात काम देऊ केलं आहे, आणि तो नको म्हणाला म्हणून तू दोन दिवस जेवली नाहीस. भावकू डोळे पुसत म्हणाला, "आक्का, तिला एक कडक पत्र लिही. तुझं काय काय झालं ते समदं लिही. भ्याली पायजे पोरगी." त्यानं सांगितलं तसं मी समदं लिहिलं आहे. कंपनीचा माणूस काल माझ्याकडेही येऊन गेला, कारण आईचा होकार लागतो. मी त्याला म्हटलं, पोरगी चंपा या नावानंच काम करील, शाळा सोडणार नाही, आणि तिचा फोटो कुठं छापायचा ते आधी तिला विचारायचं. तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्यानं मान डोलवली. जायचं असेल तर जा, चंपे. नको वाटलं तर जाऊ नकोस, पण माझ्या भीतीनं थांबू नकोस. माझ्या बाबतीत जे झालं ते उडी मारल्यामुळं नाही झालं. कोल्हापूर इथून मोटारीनं जवळ आहे, आणि दार वाजवणाऱ्यांना कळू दे की तुझी आई दर रविवारी येते. येत्या रविवारी मात्र मी वडगावला येतेय, दिवसाढवळ्या, बाजारातून, पुढच्या दारानं. कुणाला अडवायचं असेल तर त्यानं दारात उभं राहावं. तोवर हे पत्र मामाला वाचून दाखव. मोठ्यानं वाच, शेजारच्या मागापर्यंत ऐकू जाईल असं.

तुझीच,
आई