पाटीवरचं नाव

३ मार्च २००४, बुधवार

लॅथ्रॉपबाईंचा फोन. सकाळी सव्वाआठला! ब्रॅकनहर्स्ट हवेलीच्या वारसा मंडळाच्या अध्यक्ष, पण बोलतात अशा की सगळं व्हर्जिनिया राज्य यांच्याच नावावर आहे. "व्हर्डेल, तुला आनंद होईल अशी बातमी आहे." हवेलीमागच्या जुन्या स्वयंपाकघराला पितळी पाटी लावणार म्हणे. दोनशे वर्षांपूर्वी गुलामगिरीत तिथे राबलेल्या स्वयंपाकिणीच्या नावाची. "आपल्या रताळ्याच्या पुडिंगची खरी आई!"

आपल्या! यांच्या दुकानातल्या पाककृतींच्या पुस्तकात पान बारावर काय छापलंय? 'मार्था लॅथ्रॉप यांचं पुडिंग'. आयत्या बिळावर नागोबा. मार्थाबाईंनी जन्मात चूल फुंकली नसेल. फुंकली ती आमच्या थोरलीनं. आईच्या आईच्या आईच्या... सात पिढ्या मागे जावं लागतं. घरात तिला थोरलीच म्हणतात.

फोन ठेवल्यावर रडले मात्र. कशाला ते मलाही सांगता येणार नाही.

५ मार्च

मंडळानं रिचमंडहून इतिहासाची एक प्राध्यापिका आणली आहे, कॉर्लिस. चाळिशीची, आपल्यातलीच, बोलायला सरळ. तिला मालमत्तेची यादी सापडली. १७९९ साल, मालक मेला तेव्हाची. तिनं वाचून दाखवली: तांब्याची पातेली, दोन खेचरं, एक घड्याळ, आणि मग 'व्हीनस, स्वयंपाकीण'.

"पण मिस व्हर्डेल, हे मालकानं ठेवलेलं नाव. घोड्यांनासुद्धा असलीच नावं ठेवायचे. तिची माणसं तिला काय म्हणत असतील? तुमच्या घरात कुणाला ठाऊक आहे?"

आहे ना. एकाच माणसाला आहे. आईला.

दुसरं नाव मिळालं नाही तर पाटीवर व्हीनसच जाणार. एप्रिलच्या तिसऱ्या शुक्रवारपर्यंत मुदत. मग ओतकामाला देणार.

६ मार्च

हे लिहूनच ठेवते, म्हणजे माझी चूक माझ्यासमोर राहील.

पुडिंगवर ओतायचं कस्टर्ड आई घड्याळ लावून करत नाही. ओठ हलतात, आवाज नाही. त्या पातेल्यापाशी जिनं जिनं उभं राहून ढवळलं तिचं तिचं नाव घ्यायचं, थोरलीपासून सुरुवात करून. नावं संपली की पातेलं खाली. एक नाव घाईनं घेतलं तर कस्टर्ड पातळ, एक रेंगाळलं तर अंड्याच्या गुठळ्या होतात. आमच्याकडे काळ मोजायची हीच रीत.

मी सोळा वर्षांची होते. आई मला पहिल्यांदा नावं सांगायला बसली आणि मी हसले! "चार मिनिटं, आई. घड्याळ आहे ना भिंतीवर." आईनं चमचा खाली ठेवला. "बरं. तुला घड्याळ आहे." त्यानंतर पंचेचाळीस वर्षांत एकदाही नाव काढलं नाही. मी शाळेच्या खानावळीत घंटीवर स्वयंपाक केला, निवृत्त झाले. माझं कस्टर्ड चांगलं होतं. आई खाते, आणि काही म्हणत नाही.

७ मार्च, रविवार

चर्चहून आल्यावर विचारलं. आई खिडकीपाशी, पाय स्टुलावर. सूज गुडघ्यापर्यंत आली आहे.

"कशाला हवंय त्यांना?"

"पाटीवर लावायला, आई. मानानं."

"हातचं खाल्लं. पुडिंग नेलं. पोरं विकली. एक नाव तेवढं त्यांच्या हाती लागलं नाही. ते काय आता मी ताटात वाढून देऊ?"

"नाही दिलंस तर व्हीनस लागेल. कायमचं!"

"लागू दे. व्हीनस त्यांची. त्यांनीच जन्माला घातली, त्यांनीच सांभाळावी."

मी ओरडले. म्हणाले, मेलेल्या माणसाला न्याय कधी मिळायचा मग? तर म्हणते, "आवाज खाली. मी अजून ऐकतेय."

शहाऐंशी वर्षांची आहे, पण वाद घालायला बसली की माझी डाळ शिजत नाही.

१२ मार्च

पुन्हा विचारलं. पुन्हा नाही.

१८ मार्च

लॅथ्रॉपबाई आईला भेटायला आल्या, फुलांची कुंडी घेऊन. "टॉट, कशी आहेस गं?" लॅथ्रॉपांच्या घरात सगळे तिला टॉटच म्हणतात, शेंबड्या पोरापासून. आईनं तोंडावर हसू चढवलं. ते हसू मला पाठ आहे. एक्केचाळीस वर्षं मंडळाचं वसंतातलं जेवण रांधायला ती ते हसू घेऊन मागच्या दारानं गेली आणि मागच्या दारानं आली. तिच्यानंतर मी जाते. दार तेच.

बाई गेल्यावर आई म्हणाली, "हिच्या लग्नाचा केक मी केला होता. वरचा मजला तिरका झाला म्हणून हिची आई मला बोलली. तिरका नव्हता, तीच शेरी पिऊन तिरकी झाली होती!" आम्ही दोघी हसत सुटलो. हसता हसता तिला धाप लागली आणि मला घाबरायला झालं.

२६ मार्च

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. घरीच ठेवा. "आवडीचं खायला घाला." म्हणजे काय ते कळलं.

१ एप्रिल

आज आईनं दुपारी हाक मारली. "पोरी, पातेलं आण. आणि लाकडी चमचा."

आणलं. पलंगावर ठेवलं.

"ढवळ."

"आई, रिकामं आहे."

"ढवळ म्हटलं ना."

ढवळलं. आणि ती बोलली. आवाज काढून, पहिल्यांदा! नऊ नावं. थोरलीचं सगळ्यांत आधी. ते नाव इतकं साधं, इतकं छोटं. माझ्या मनात काय काय मोठं होतं, आणि ते एका श्वासात मावलं. नववं नाव आजीचं. मग ती थांबली.

"आणि तुझं?"

"माझं मी कसं घेऊ? जिवंत माणसाचं नाव घेत नाहीत. माझं तू घ्यायचंस. नंतर."

माझ्याकडून सात वेळा म्हणवून घेतलं. एकदा मी दोन नावं उलटी घेतली तर मनगटावर चापट बसली. एकसष्ट वर्षांच्या बाईला! मग माझा हात धरला. "भिंतीवर द्यायचं नाही. थोरलीचं नाही द्यायचं. शब्द दे."

दिला शब्द. काय करणार होते?

पंचेचाळीस वर्षं हे माझ्या घरात होतं. एका हसण्यापायी घालवलं मी. मूर्ख, मूर्ख बाई.

६ एप्रिल

आई गेली. सकाळी, मी ओट्स ढवळत असताना.

१० एप्रिल

अंत्यविधी झाला. चर्च भरलं होतं. मंडळाकडून पांढरं पुष्पचक्र आलं, 'आमच्या लाडक्या टॉटला'. बरोबर माणूस कुणी नाही. वसंतातल्या जेवणाच्या तयारीत आहेत म्हणे सगळे. एकटी कॉर्लिस रिचमंडहून आली, दारात वाटलेलं आईचं नाव-तारखा छापलेलं कार्ड घेऊन मागच्या बाकावर बसली, सगळी गाणी उभं राहून म्हणाली.

लोक म्हणतात, सुटली. मला काही सुटल्यासारखं वाटत नाही. तिची चप्पल अजून पलंगाखाली आहे. ती उचलायला वाकवत नाही.

१३ एप्रिल

कस्टर्ड केलं. नऊ नावं झाली, दहावं घेता येईना. पातेल्यात अंड्याच्या गुठळ्या झाल्या. सगळं ओतून दिलं.

१४ एप्रिल

लॅथ्रॉपबाईंचा फोन. दोन मिनिटं दुःख, मग काम. "शुक्रवारी ओतकामाला द्यायचंय गं. काही नाही मिळालं तर व्हीनसही छानच आहे. लोकांना म्हणायला सोपं."

काय करू? दिलं तर आईला दिलेला शब्द मोडला. नाही दिलं तर खेचरांच्या यादीतलं नाव थोरलीच्या स्वयंपाकघरावर, पितळेत, नातवंडं-पतवंडं वाचणार. इकडे आड तिकडे विहीर. आईशी दिवसभर भांडले. ती असती तर जिंकलीच असती, पण निदान बोलली तरी असती.

१६ एप्रिल, शुक्रवार

कॉर्लिसला फोन केला. नाव दिलं.

ती म्हणाली, "मिस व्हर्डेल, नक्की?"

"नक्की."

"अक्षरं सांगा."

एकेक अक्षर सांगितलं.

१८ एप्रिल, रविवार

चर्चला गेले नाही. कुठल्या तोंडानं जाऊ?

८ मे, शनिवार

पाटी लागली. दोनशे माणसं. मला पुढच्या दारानं नेलं. लॅथ्रॉपबाईंनी पडदा ओढला आणि मोठ्यानं वाचलं: "केतुरा." टाळ्या! "किती गोड, जुनं नाव," मला म्हणाल्या, "या घरात आजवर कुणाच्या कानावरही आलं नव्हतं बघ!" कॉर्लिस टाळ्या वाजवत माझ्याकडे बघत होती. अंत्यविधीचं छापील कार्ड तिनं हातात धरलेलं मी पाहिलं होतं. थोरलीचं नाव मी कुणालाच दिलं नाही, या वहीलाही नाही.

केतुरा माझी आई.