पुलाखालच्या विश्रामला

१२ जानेवारी १९६४

प्रिय विश्राम,

हे पत्र भिकाच्या हाती देते आहे. त्याची बोट पुढच्या आठवड्यात पुन्हा जपानला निघते. त्याच्यावर रागावू नकोस. 'घरी सांग, मी भेटलोच नाही,' असं तू त्याला बजावलंस, आणि त्याने तीन महिने तोंड मिटून ठेवलं. परवा बोईसरच्या बाजारात तुझी ही बहीण समोर आली, तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. मासळीच्या पाट्यांमध्ये उभा राहून रडला रे तो.

बोटीवर तुझा हात यंत्रात चिरडला आणि तुला योकोहामाच्या इस्पितळात ठेवून बोट पुढे गेली, एवढं कंपनीच्या पत्रातून कळलं होतं. परतीचं तिकीट घेऊन कंपनीचा माणूस इस्पितळात आला तेव्हा तू तिथे नव्हतास. आम्ही काय काय मनात आणलं! तिकडे बाई केली असेल, असंसुद्धा. आणि तू कालव्याच्या पुलाखाली, पुठ्ठ्यावर! भिका सांगत होता, पहाटे गोदीच्या फाटकाशी शेकडो माणसं उभी असतात, मुकादम धडधाकट तेवढी उचलतो, उरलेली पुलाखाली परततात. सगळी जपानीच. कुणाचं घर लढाईत जळालं, कुणाची कोळशाची खाण बंद पडली. मला खरंच वाटेना. आपल्याला जपान म्हणजे रेडिओ आणि कारखाने. तुला आपलं अर्धं कांबळं देणारा तो म्हातारा सुतार, ओकादा, त्याला माझा नमस्कार सांग. कसा सांगशील कोण जाणे.

यंदा तिकडे जगभराचे खेळ भरणार, म्हणून पोलीस पुलांखालची माणसं हाकलताहेत, असंही भिका म्हणाला. मग हे पत्र पोचेपर्यंत तू तिथे असशील का?

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ती शेजारणींना सांगते, "माजा इसराम जपानात हाय, त्याला काय कमी नाय." मी खाली मान घालून बोंबील वाळत टाकत राहते. लुळा हात घेऊन आईच्या दारात कसं जायचं, हेच ना तुझ्या मनात? चार दिवस लोक बोलले असते, आम्हालाही वाईट वाटलं असतं. पण जेवायला वाढलं असतं रे.

आता खरं लिहिते. विजेच्या कारखान्यासाठी आपलं गाव उठतंय. पाडव्यापर्यंत घर मोकळं करायचं आहे. पाम गावात मारुतीच्या देवळामागे एक खोली मिळाली. भांडी गेली, जाळी गेली, आई जात नाही. उंबरठ्यावर बसून म्हणते, "पोरगा आला तं कुटं इचारील? मी हितंच बसते." सरकारी माणसं दोनदा समजावून गेली. तुला ये म्हणायचा मला धीर होत नाही, कसा येशील तू? पण पामची खोली ध्यानात ठेव, आणि भिकाजवळ 'कळलं' एवढंच लिहून दे. मी तिला वाचून दाखवीन. नाही आलं, तर पाडव्याला मलाच तिला उचलून न्यावं लागेल, विश्राम. आणि ती ओरडेल ते तुझ्याच नावानं.

तुझीच,
तानी